दुसरं हां

तळ्याचा बांध कडेला खचला असता तर एवढं रामायण झालंच नसतं. ज्याची कड त्यानं बघितलं असतं. पण तो खचला बरोबर मध्यावर, जिथं गावाची हद्द संपते आणि वस्तीची सुरू होते. मग काय, दोघांनीही आधी महिनाभर एकमेकांकडं बोट दाखवलं आणि पावसाळा दीड महिन्यावर आला तेव्हा मुकादमानं दोघांनाही खडसावलं. तळं एकच आहे, म्हणाला. फुटलं तर विचारून फुटणार नाही.

आमच्याकडचा नियम जुना आहे. ज्याचा हात बांधाला, त्याचं पाणी शेताला. घरटी एक बाप्या आणि एक बाई कामाला यायलाच पाहिजे. बाप्यांनी खाणीतून दगड आणायचे, बायकांनी माती-मुरूम. ज्या घराचा हात नाही, त्या घराची पाण्याची पाळी गेली. उन्हाळी पीक मग विसरायचं.

आमच्या घरातून हे आणि मी. सासूबाईंचा हात मोजला जात नव्हता, तरी त्या यायच्या. घरी बसलं तर कोण काय बोललं ते कळणार कसं?

आता वस्तीचं सांगते. तिला नवी वस्ती म्हणतात. नवी म्हणजे बावीस वर्षांची. खाली मोठं धरण झालं, त्यात एक गाव गेलं, आणि त्या गावची माणसं इथं आणून वसवली. बावीस वर्षांत लावलेली झाडं पार छपराच्या वर गेली, पाळण्यातली पोरं दाढी करायला लागली, पण वस्ती काही जुनी झाली नाही. समोर असतील तर 'वस्तीवाले' आणि पाठीमागं 'बुडीतवाले'. आणि एक ठरलेला विनोद. बुडीतले ते, बुडवणारच. दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसतात.

मी बुडीतचीच. अकरा वर्षांमागं लग्न होऊन गावात आले. आमचे हे तेव्हा वस्तीच्या शाळेच्या पायाचे दगड घेऊन यायचे. पायाही बसला आणि आमचंही जमलं. दोन्हीकडचं मिळून एवढं एकच लग्न, ना आधी झालं ना नंतर. गावानं ह्यांचं नाव 'जावई' पाडलं. गावात जावई म्हणाल तर पन्नास निघतील, पण 'जावई आला का' म्हटलं की तो म्हणजे हेच. हे हसून ओ द्यायचे. पण ते हसणं मला माहीत होतं. पायात खडा गेलेला माणूस चारचौघांत चालतो तसं ते हसणं होतं.

बांधावर आम्हा बायकांची ओळ लागायची. मुरुमाचं घमेलं हातोहात खाली जायचं. वरच्या अंगाला गावच्या बायका, खालच्या अंगाला वस्तीच्या, आणि मधे मी. असं कुणी ठरवून दिलं नव्हतं. पहिल्या दिवशीच झालं आणि मग तेच राहिलं. सासूबाईंच्या हातचं घमेलं मी घ्यायचं आणि माझ्या काकूच्या हातात द्यायचं. एकीच्या हातचं दुसरीनं घेतलं असतं तर काय हात झडणार होते? पण नाही. मी पाणी प्यायला गेले की ओळ थांबायची. मुकादम ओरडायचा, काय झालं गं, आणि दोन्हीकडच्या बायका आभाळाकडं बघायच्या.

मधे उभं राहायचं म्हणजे दोन्ही कान चालू ठेवायचे. वरून सासूबाई म्हणायच्या, "हे बुडीतवाले नुसते कामचुकार. घमेलं अर्धं सांडवून पुढं देतात. तू सोडून हो." खालून काकू म्हणायची, "गाववाले माजलेत बघ. पाणी त्यांच्या बापाचंच जसं. आमचे जावई सोडून." तू सोडून, जावई सोडून. असं सोडता सोडता आम्ही नवराबायको कशात उरलो होतो देव जाणे.

तर खाण. खाण बांधापासून हाकेच्या अंतरावर. दगड मोठा असेल तर चौघं लागतात. दगडाला दोराचा फास, फासातून दोन दांडे, पुढं दोघं, मागं दोघं, आणि बाजूला एक हाक देणारा. हाक दिल्याशिवाय दगड उचलत नाहीत. चौघांचा जोर एकाच क्षणाला लागला नाही तर दगड फासातून सरकतो.

हाक गावातही तीच आणि वस्तीतही तीच. धर, तोल, हां. शब्द तेच, चालसुद्धा बरीचशी तीच. पण गावात हाक देणारा 'हां' म्हणाला की उचलायचं. आमच्या वस्तीत हाक देणारा 'हां' म्हणतो, मग उचलणारे सगळे मिळून 'हां' म्हणतात, आणि त्या दुसऱ्या हांवर उचलायचं. आमचे लोक मूळचे नावाडी. नदीतून होड्या काठावर ओढायच्या, पाण्याचा आवाज एवढा की हाक सगळ्यांना पोचली की नाही ते कळायचं नाही. म्हणून ऐकलंय असं आधी सांगायचं आणि मगच जोर लावायचा. नदी गेली, होड्या गेल्या, दुसरं हां तेवढं राहिलं.

एवढासा फरक. मला तो कळला लग्नानंतर चौथ्या दिवशी. धान्याची कोठी सरकवायची होती. सासूबाई म्हणाल्या, "धर, तोल, हां." मी म्हटलं, "हां." तोवर त्यांनी त्यांची बाजू उचललेली, कोठी कलंडली, झाकण सुटलं आणि पायलीभर धान्य जमिनीवर. "झोपेत असतेस का गं?" म्हणाल्या. त्या दिवसापासून सासूबाईंबरोबर उचलताना मी पहिल्या हांवर उचलते. आणि ह्यांच्याबरोबर उचलताना दुसऱ्या. ते मी ह्यांना सांगितलं होतं, ह्यांना त्याची गंमत वाटली होती. "तुमच्यात दगडाला पण विचारून उचलतात," म्हणाले. तेव्हापासून आम्ही दोघं खाट उचलू, पोतं उचलू, माझ्या माहेरच्या पद्धतीनं. हे मुद्दाम मोठ्यांदा हां म्हणायचे आणि मला हसू यायचं. घरात कुणी नसलं की.

खाणीत हा फरक कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. गावच्या टोळ्या वेगळ्या, वस्तीच्या टोळ्या वेगळ्या. दोघांनी एकमेकांना दगड उचलताना लांबून शंभरदा बघितलेलं, पण लांबून काय दिसतं? गाववाल्यांना दिसायचं की हे लोक उचलायच्या आधी उगीच ओरडतात. वस्तीवाल्यांना दिसायचं की ह्यांना कसली तरी घाई आहे.

मग दगडांवरून भांडण निघालं. तुमच्या टोळीनं बारके दगड घेतले, आमच्या माथी मोठे मारले. रोज तेच. शेवटी मुकादमाचं डोकं फिरलं. जेवणाची सुट्टी संपली तसा तो खाणीच्या तोंडाशी उभा राहिला आणि म्हणाला, "आत्तापासून टोळ्या मिसळ. दोन इकडचे, दोन तिकडचे. मग बघू कोण कुणाला बारका दगड देतो."

त्याचं काही चुकलं नाही. त्याच्या जागी मी असते तर हेच केलं असतं.

पहिल्याच टोळीत पुढच्या दांड्याला आमचे हे आणि पैलवान. पैलवान म्हणजे गावातला ह्यांचा जोडीदार, लहानपणापासूनचा. आयुष्यात एकच कुस्ती खेळला आणि तीही हरला, तरी पैलवान. मागच्या दांड्याला वस्तीतले दोघं. आणि हाक द्यायला माझा धाकटा भाऊ. त्याला सगळे हाकाऱ्याच म्हणतात, वस्तीत त्याच्यासारखा गळा कुणाचा नाही.

मी खाली ओळीत होते. भावाची हाक ऐकली आणि माझ्या मनात आलं, अरे, हे सांगायला पाहिजे. अगदी स्पष्ट आलं. घमेलं माझ्या हातात होतं. पण सांगायचं म्हणजे ओळ सोडून वर जायचं, पन्नास बाप्यांच्या मधे उभं राहायचं, आणि म्हणायचं काय? की तुमचं हां वेगळं आणि ह्यांचं हां वेगळं? सासूबाई शेजारीच. आणि मग वाटलं, हे आहेत की तिथं. ह्यांना माहीत आहे. हे सांगतील. मी घमेलं काकूच्या हातात दिलं.

तीन दगड गेले. चौथ्याला मला आधी भावाचं हां ऐकू आलं, मग कसलातरी गोंधळ, मग दुसरं हां, आणि त्याच्यावर ह्यांचा आवाज. तसा आवाज मी ह्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मी पोचले तेव्हा दगड पहारीनं बाजूला केलेला होता. उजव्या पायाची पुढची बाजू चपलेसकट सपाट झालेली. पैलवान ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि माझा भाऊ गुडघ्यावर बसून स्वतःच्या डोक्याचा फेटा ह्यांच्या पायाला गुंडाळत होता. फेटा दोनदा सुटला. पैलवानानं त्याच्या हातातून तो ओढून घेतला. "हात लावू नको," म्हणाला. "पुरे केलंस तेवढं."

तालुक्याच्या डॉक्टरनं दोन बोटं काढली. अंगठा वाचला. तिसऱ्या दिवशी हातगाडीवरून ह्यांना घरी आणलं, तोवर गावानं निकाल लावून टाकला होता. बुडीतवाल्यांनी मुद्दाम उशिरा उचललं. काही म्हणत होते मुद्दाम नाही, आळसानं. एवढाच काय तो मतभेद. पण बांधाला त्यांचा हात नको यावर सगळ्यांचं एकमत. आणि हात नको म्हणजे पाणी नको, हे कुणी तोंडानं बोललं नाही तरी दोन्हीकडं कळलं होतं. बैठक परवा सकाळी, बांधावर, असं ठरलं होतं.

सासूबाईंनी मला चुलीपुढं बसवून सांगितलं, "आजपासून तिकडची वाट बंद. तुझ्या भावानं माझ्या पोराचा पाय घेतला. आणि बैठकीत विचारलं तर सांगायचं, ते लोक उशिराच उचलतात म्हणून. तुला माहीतच आहे. कोठी सांडलीस तेव्हा मी बघितलंय."

त्यांचा पोरगा होता, बोटं त्याची गेली होती, त्यांना काय म्हणणार?

दुपारी त्या पडल्या तशी मी ह्यांच्याजवळ गेले. पाय उशीवर ठेवलेला, माशा बसू नयेत म्हणून मी पंख्यानं वारं घालत होते. म्हटलं, "तुम्हाला तर माहीत होतं ना. दुसऱ्या हांचं."

हे छताकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पहिले तीन दगड मी दुसऱ्या हांवरच उचलले."

"मग?"

"पैलवान पहिल्यावर उचलायचा. दगड लहान होते, भागलं. तिसऱ्या दगडाला तो सगळ्यांसमोर म्हणाला, काय जावई, मेहुण्याची परवानगी आल्याशिवाय उचलायचं नाही वाटतं? सगळे हसले. आपले सगळे."

मी पंखा थांबवला.

"चौथ्याला मी पैलवानाबरोबर उचललं," हे म्हणाले. "भार पुरता वर आला नाही. मागचे थांबलेले होते ना. जड लागला म्हणून आम्ही दोघांनी खाली सोडला आणि त्याच वेळी त्यांनी मागून उचलला. दगड सरळ पुढं आला."

"पैलवान एकटा उचलत असता तर?"

"एकट्याला तो हललाच नसता. तुझ्या भावाची काही चूक नाही. पोरानं बरोबर हाक दिली."

एवढं बोलून ह्यांनी डोळे मिटले. मला राग आला आणि त्याच वेळी कीवसुद्धा. चार माणसं हसली म्हणून माणूस पायावर दगड घेतो. घरात मोठ्यांदा हां म्हणणारा माझा माणूस. पण मग वाटलं, मी तरी काय केलं? मीही सासूबाई शेजारी आहेत म्हणून घमेलं पुढं दिलंच की.

"परवा सांगाल ना हे?" मी विचारलं.

"बघू," म्हणाले.

बैठकीच्या दिवशी मीच हातगाडी ढकलत नेली. सासूबाई पुढं, पदर खोचून, लढाईला निघाल्यासारख्या. बांधावर गाववाले वरच्या अंगाला बसलेले, वस्तीवाले खालच्या. मधे मुकादमाचं लाकडी बाकडं. मी गाडी त्याच्या शेजारी उभी केली, कारण दुसरी जागाच नव्हती.

पैलवान आधी उठला. "जास्त बोलत नाही," म्हणाला, आणि पाव तास बोलला. शेवटी म्हणाला, "मी पुढच्या दांड्याला होतो. हां झालं, आम्ही उचललं. ह्यांनी नाही उचललं. आम्ही सोडलं, तेव्हा ह्यांनी उचललं. ह्याला मुद्दाम नाही तर काय म्हणायचं?"

भाऊ उभा राहिला. चार दिवसांत तोंड एवढंसं झालं होतं त्याचं. "हाक मी बरोबर दिली. माझ्या माणसांनी वेळेवर उचललं. ह्यांनीच घाई केली."

"वेळेवर?" वरून कुणीतरी म्हणालं. "सोड, बुडीतले ते..."

आणि पुढचं सगळ्यांनी मनातल्या मनात पूर्ण केलं. काही जण हसलेसुद्धा, एका माणसाची बोटं गेली असताना. खालून दोघं-तिघं बाह्या सारून उठले. मुकादम 'बसा, बसा' म्हणत होता आणि कुणी बसत नव्हतं.

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे पायाकडं बघत होते. मी गाडीच्या दांडीवर बोटं वाजवली, हळूच. ह्यांनी ऐकलं. मान वर केली नाही.

मग मी बोलले. बैठकीत बाई बोलत नाही असा नियम नाही, पण बोललेली कुणी पाहिलेलीही नव्हती.

म्हटलं, "मुकादम, दोघंही खरं बोलतायत."

सासूबाई गर्रकन वळल्या.

"बोलून कळायचं नाही," मी म्हटलं. "तुमचं बाकडं द्या आणि एक बादली पाणी. पैलवान आणि त्यांच्याबरोबर गावचं कुणीतरी एका टोकाला धरा. वस्तीचे ते दोघं दुसऱ्या टोकाला. बादली वर ठेवा. आणि हाक माझा भाऊ देईल, त्या दिवशी दिली तशीच."

मुकादम बाकड्यावरून उठला. पैलवान कुरकुरत आला. भरलेली बादली बाकड्यावर ठेवली. भावानं हाक दिली, धर, तोल, हां. पैलवानाचं टोक वर गेलं. वस्तीचे दोघं तोंड उघडून 'हां' म्हणतायत तोवर बादली घसरत आली आणि सगळं पाणी त्या दोघांच्या अंगावर. दोघं उभे निथळत. आधी खालून कुणीतरी हसलं, मग वरून. भिजलेल्यातला एक जण स्वतःच हसायला लागला.

"परत," मुकादम म्हणाला. तो हसत नव्हता. "आता सावकाश."

दुसऱ्यांदा रिकाम्या बादलीनं केलं. आता सगळे कान देऊन ऐकत होते. पहिलं हां. दुसरं हां. म्हातारी माणसंसुद्धा उठून पुढं आली. गावातला एक आजोबा म्हणाला, "च्यायला, बावीस वर्षं मला वाटायचं, हे लोक उचलायच्या आधी कण्हतात." त्यावर दोन्हीकडचे एकदम हसले. पैलवानानं बाकडं खाली ठेवलं आणि माझ्या भावाकडं बघितलं. माफी वगैरे नाही मागितली, पण खिशातली तंबाखूची चंची काढून पुढं केली. भावानं चिमूट घेतली. माझे डोळे भरून आले. वाटलं, संपलं. पाणी राहिलं, माहेर राहिलं.

मुकादम मात्र विचार करत होता. तो हुशार माणूस आहे, म्हणून तर मुकादम आहे. म्हणाला, "बाई, तुला हे कधीपासून ठाऊक आहे?"

"लग्न झालं तेव्हापासून."

"अकरा वर्षं?"

"हो."

"आणि मी टोळ्या मिसळल्या तेव्हा तू कुठं होतीस?"

"खाली. ओळीत."

"ऐकू आलं होतं तुला?"

खोटं बोलता आलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "हो."

हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. मुकादमानं ह्यांच्याकडं मान वळवली. "आणि जावई, तुला माहीत होतं का हे?"

ह्यांनी आता मान वर केली. पण माझ्याकडं नाही बघितलं, पैलवानाकडं बघितलं. पैलवान तंबाखू मळत होता, त्याचा अंगठा थांबला होता.

"मला काय माहीत?" हे म्हणाले. "बायकांचं घरातलं उचलणं-ठेवणं. ती मला कधी बोलली नाही."

मी ह्यांच्या गाडीची दांडी धरून उभी होते. एक शब्द बोलले असते तर सगळं उलटलं असतं. पण काय बोलायचं? की ह्या माणसानं हसणाऱ्यांच्या भीतीनं स्वतःच्या पायावर दगड घेतला? दोन बोटं गेलेल्या माणसाला सगळ्या गावापुढं उघडं पाडायचं? ते माझ्यानं झालं नाही. हे मला चांगुलपणा म्हणून सांगायचं नाही. जीभच हलली नाही, एवढंच.

भाऊ माझ्यापुढं येऊन उभा राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू म्हणाला, "ताई, मी चार दिवस जेवलो नाही. मला वाटत होतं माझ्याच हाकेत काहीतरी चुकलं. तुला माहीत होतं?"

"होतं," मी म्हटलं.

"एवढीशी गोष्ट होती," खालून काकू म्हणाली. "तोंड उघडायचं फक्त."

"तेच म्हणते मी," वरून सासूबाई म्हणाल्या.

अकरा वर्षांत त्या दोघी पहिल्यांदा एकमेकींशी बोलल्या.

मुकादमानं तिथंच ठरवून टाकलं, की आता सगळ्या टोळ्यांनी दुसऱ्या हांवर उचलायचं, त्यात धोका कमी. गाववाल्यांनी थोडी कुरकुर केली आणि मानलं. दुसऱ्या दिवशी मिसळ टोळ्या परत लागल्या. खाणीतून भावाची हाक आली आणि तिला चार गळ्यांतून उत्तर आलं, त्यात पैलवानाचा गळा सगळ्यात मोठा. ऐकायला फार चांगलं वाटत होतं. खोटं कशाला बोलू.

मी ओळीत माझ्या जागी जाऊन उभी राहिले. सासूबाईंनी घमेलं उचललं, माझ्या पुढून हात लांब केला आणि काकूच्या हातात दिलं. काकूनं घेतलं. पुढचं घमेलं तसंच. त्याच्या पुढचं तसंच. कुणी मला जा म्हटलं नाही. पण माझ्या पोटापुढून घमेली जात होती आणि माझे हात रिकामे होते, म्हणून मी एक पाऊल मागं सरले. तशी ती जागा लगेच भरली. गावची एक आणि वस्तीची एक खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. काय बोलत होत्या ते मला ऐकू येत होतं. माझ्याबद्दलच. दोन्हीकडच्या बायकांचं एका गोष्टीवर एवढं पटलेलं मी कधी बघितलं नव्हतं. दोन्हीकडचं जाणणारी ती आपली कुणाचीच नाही, असं काहीतरी.

ओळ मात्र भरभर सरकत होती. काम दुप्पट होत होतं.

मी घरी आले. हे खाटेवर बसून होते. पायाची पट्टी बदलायची वेळ झालीच होती, म्हणून मी कोमट पाणी आणलं आणि खाली बसून पट्टी सोडायला घेतली.

"लवकर आलीस?" हे म्हणाले.

ओळीत काय झालं ते मी सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "होतील शांत चार दिवसांत. काम तरी होतंय ना नीट? तुझ्या भावाचं पाणी तरी राहिलं ना?"

"राहिलं. पण तुम्ही बोला की आता. निदान माझ्या भावाला सांगा. त्याला एकट्याला."

पट्टीचा आतला वेढा चिकटला होता, तो मी पाण्यानं भिजवत होते.

"नाही गं होणार माझ्यानं," हे म्हणाले. "पैलवान रोज येऊन बसतो. बाकीचेही येतात. कालपासून कुणी जावई म्हणत नाही, बघितलंस? माझ्या नावानं हाक मारतात. मला त्यांच्यातच राहायचंय."

"आणि मी कुठं राहू?"

ह्यांनी खरंच विचार केला. कपाळाला आठ्या घालून, माझ्यासाठी काही उत्तर सापडतंय का ते मनापासून शोधलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मायेनं म्हणाले, "तुझं काय, तुला सवय आहे."

वाईट मनानं नाही बोलले. ह्यांच्या आवाजात कौतुकच होतं.

मी भिजवलेली पट्टी तशीच अर्धी सोडली, हात पदराला पुसले आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. आतून ह्यांनी दोनदा हाक मारली. मी काही ओ दिली नाही.